जॉर्जेटमधला पीळ

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापडबाजारात जॉर्जेटची साडी हाती घेतली की तिचा पोत बोटांना बारीक रवाळ लागतो. कापड मऊ असतं, अंगावर झुळझुळत पडतं, पण गुळगुळीत नसतं. हा रवाळपणा छापून किंवा दाबून उठवलेला नसतो. तो धाग्यातच असतो, आणि तो तिथे भरतं उधना, सचिनसारख्या औद्योगिक वसाहतींतलं एक यंत्र. त्याला सगळे टीएफओ म्हणतात: एका फेऱ्यात दोन पीळ घालणारं यंत्र. मागाचं कौतुक पुष्कळ होतं, या यंत्राकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते सुरतेच्या कापडाची खरी करामत इथेच आहे.

  

यंत्र लांबलचक असतं, दोन्ही अंगांना उभ्या चात्यांच्या रांगा. एका लांब पट्ट्यावर साऱ्या चात्या फिरतात, वेग मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास. पण चाती फिरत असताना तिच्यावरचं बॉबिन जागचं हलत नाही. धागा बॉबिनवरून सुटून वर जातो, मधल्या पोकळीतून खाली उतरतो, तळाच्या चकतीच्या भोकातून बाहेर पडतो आणि बॉबिनला बाहेरून फेर धरत पुन्हा वरच्या कडीकडे चढतो. चकतीच्या एका फेऱ्यात पोकळीतल्या धाग्याला एक पीळ बसतो आणि बाहेरच्या धाग्याला दुसरा. आता बॉबिन थोपवायचं कसं? बाहेरून दांडी घातली, तर फिरणारा धागा पहिल्याच फेऱ्यात तिच्यात अडकणार. म्हणून ते लोहचुंबकांच्या ओढीने जागेवर धरलेलं असतं. मधे स्पर्श नाही, आणि धाग्याची वाट मोकळी. ही कल्पना ज्याला सुचली त्याला मी मनापासून दाद देतो.

बाहेरचा धागा इतक्या वेगाने फिरतो की तो धागा म्हणून दिसतच नाही, दिसतो एक पारदर्शक फुगा. गोफण फिरवताना दगड बाहेर ओढतोय असं वाटतं. खरं तर दगडाला सरळ जायचं असतं आणि दोरी त्याला क्षणोक्षणी आत वळवत असते. फुग्यातही तेच घडतं. धाग्याचा ताण हेच इथलं अभिकेंद्री बल. फुग्याची त्रिज्या सरसकट 6 सेंटीमीटर धरली, तर 10,000 फेऱ्यांना धाग्याचा वेग ताशी सुमारे 225 किलोमीटर होतो आणि त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 6,700 पट. 75 डेनियर जाडीच्या धाग्याचा 20 सेंटीमीटरचा तुकडा दोन मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, पण त्याला वर्तुळात ठेवायला साधारण 11 ग्रॅम वजनाएवढी ओढ लागते.

मग मालक वेग का वाढवत नाही? 12,000 फेरे केले तर वेग सव्वापटही होत नाही, पण ताण वेगाच्या वर्गाने वाढून 1.44 पट होतो. हवा कापायला लागणारी शक्ती तर घनाने वाढते, म्हणजे 1.7 पटीच्या पुढे जाते. धागे तुटतात आणि विजेचं बिल फुगतं. जॉर्जेटसाठी मीटरला 2,000 पीळ धरले, तर 10,000 फेऱ्यांवर चालणारी चाती मिनिटाला दहाच मीटर धागा देते. दिवसरात्र चालली तरी 75 डेनियरचा तिचा धागा भरतो 120 ग्रॅम. चारशे ग्रॅम सूत लागणाऱ्या साडीसाठी एका चातीला तीन दिवसांहून अधिक राबावं लागतं. म्हणूनच कारखान्यात चात्यांच्या रांगाच रांगा लागतात.

या सगळ्या फिरण्यातून धाग्यात साठतं ते स्प्रिंगचं बल. स्प्रिंग जितकी ताणावी तितकी ती उलट ओढते, हा नियम रॉबर्ट हूकने 1678 साली छापला. पिळाचा नियम कुलोमने 1784 साली तारांवर प्रयोग करून मांडला: पीळ जितका जास्त, तितका उलटा जोर जास्त. पिळलेल्या धाग्याचा मीटरभर तुकडा दोन्ही हातांत ताणून धरा आणि हात हळूहळू जवळ आणा. मधला भाग आपोआप वळतो, गाठाळतो, स्वतःभोवती गुंडाळला जातो. असा धागा मागावर चढवला तर विणकाम होणं अशक्य. म्हणून पिळलेली बॉबिनं बंद टाकीत वाफेवर ठेवतात. उष्णतेने पॉलिएस्टरची आतली रचना जरा सैलावते आणि त्या पिळातच स्थिरावते. पुन्हा दोन हातांची तीच परीक्षा घेतली की वाफ पुरेशी लागली की नाही ते कळतं.

पण तापमान मुद्दाम मर्यादित ठेवतात, कारण पीळ पुरता मारायचा नसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. जॉर्जेटमध्ये मात्र याच हट्टावर सारं काम चालतं. विणलेलं कापड प्रोसेस हाउसमध्ये ड्रम वॉशरच्या आणखी गरम पाण्यात घुसळलं जातं, तेव्हा दबलेला पीळ जागा होतो. धागा उलगडायला बघतो, विणीमुळे त्याला उलगडता येत नाही, म्हणून तो जागच्या जागी वाकतो. कापड आकसतं आणि अंगभर रवे उठतात.

सगळे धागे एकाच दिशेने पिळलेले असते तर त्यांचा जोर एकाच बाजूला पडून कापड वळलं असतं. म्हणून काही चात्या उजवीकडे फिरवतात, काही डावीकडे, आणि जॉर्जेटमध्ये ताण्यातही बाण्यातही दोन धागे एका दिशेच्या म्हणजे एस पिळाचे, दोन उलट दिशेच्या म्हणजे झेड पिळाचे असे आळीपाळीने घालतात. दोन्ही धागे डोळ्यांना सारखेच दिसतात. ओळख पटावी म्हणून त्यांना वेगवेगळा कच्चा रंग देतात, तो पुढे धुण्यात निघून जातो. ही खूण चुकली आणि बॉबिनांची अदलाबदल झाली, तर मागावर ती चूक सहसा लक्षात येत नाही. ड्रममधून निघालेल्या ताग्यावर पट्टा उमटतो तेव्हाच कळतं, आणि तोवर त्या धाग्याचं बरंच कापड विणून झालेलं असतं.