गुडघ्यांतील चंद्रकोर



पुण्याहून पौडमार्गें ताम्हिणी घाटाकडे जातांना मुळशीच्या जलाशयाजवळ माले गांव लागतें. पावसाळ्यांत या बाजूला भाताची लावणी चालते. चिखलांत पाय रुतलेले, गुडघे किंचित् वांकलेले, आणि हातांतील रोपें संपलीं कीं मागच्या मुठीकडे अंग वळवावयाचें, असें तें काम दिवसभर चालतें. पाऊल चिखलानें धरून ठेवलेलें असतें आणि शरीर मात्र फिरतें. तो पीळ अखेर सोसावा लागतो गुडघ्याला. शहरांत कबड्डीच्या मैदानावर किंवा जिन्यांत पाय निसटतांना हेंच घडतें. आंत कांहीं तरी तटकन् वाजतें आणि दुसऱ्या दिवशीं गुडघा सुजतो.

आंत काय घडलें असेल? मांडीचें हाड व नडगी यांच्यामध्यें कूर्चेच्या दोन चकत्या असतात. आंतल्या बाजूची चंद्रकोरीसारखी, बाहेरची जवळजवळ वर्तुळाकार. लहान चंद्रकोर या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांना मेनिस्कस म्हणतात. शरीराचा भार वांटून घेणें हें त्यांचें काम. पीळ बसला कीं ही चकती दोन हाडांमध्यें सांपडून फाटते. उतारवयांत ती झिजलेली असल्यामुळें केवळ उकिडवें बसून उठण्याचेंहि निमित्त पुरतें.

राँटगेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधले आणि हाडें डोळ्यांना दिसूं लागलीं. परंतु कूर्चा या किरणांना फारशी अडवीत नाहीं. त्यामुळें क्ष-किरणांच्या चित्रांत दोन हाडांमध्यें नुसती मोकळी जागा दिसते. चित्र निर्दोष आहे म्हणून गुडघाहि निर्दोष आहे, असें समजणें चूक. ती उणीव चुंबकीय चित्रणानें, म्हणजे एम्. आर्. आय्. नें, भरून काढली. लॉटरबर यांनीं १९७३ सालीं या पद्धतीचें पहिलें चित्र प्रसिद्ध केलें, आणि २००३ सालीं मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

हें यंत्र ज्या लहरी वापरतें, त्या आपल्या रेडिओच्याच गोत्रांतल्या आहेत. पृथ्वीच्या चुंबकत्वाहून सुमारें ३० हजारपट बलवान् अशा चुंबकांत शरीर ठेवलें, म्हणजे शरीरांतील पाण्याचे हायड्रोजन-कण त्या लहरींना जणूं प्रत्युत्तर देतात, आणि त्या प्रत्युत्तरांतून चित्र तयार होतें. क्ष-किरणांचा त्यांत संबंध नसतो. मात्र शरीरांत धातूचें उपकरण असल्यास तें आधीं सांगितलेंच पाहिजे. निरोगी चकती या चित्रांत काळी, पाचरीसारखी दिसते. त्या काळ्यांतून एक उजळ रेघ थेट पृष्ठभागापर्यंत पोंचली, तर चकती फाटली असें समजतात. रेघ आंतच विरली, तर ती बहुधा केवळ झीज असते.

पण फाटलेलें दिसलें म्हणजे दुखण्याचें कारण सांपडलें काय? अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम येथें ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे असेच तपासले. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत सुमारें तिसऱ्या हिश्शाच्या लोकांत चकती फाटलेली आढळली. आणि त्यांतील शेंकडा ६१ जणांना मागील महिन्यांत गुडघ्याची कांहींच तक्रार नव्हती! फिनलंडमधील १४६ रोग्यांवर झीजेमुळें फाटलेल्या चकतीची शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेचा केवळ देखावा यांची तुलना केली. एका वर्षानंतर दोहोंत अर्थपूर्ण फरक आढळला नाहीं. तो निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला.

म्हणून चित्र हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. पाय कसा मुरगळला, कोठें दुखतें, गुडघा अडकतो काय, हें विचारून आणि हातानें तपासून वैद्यानें निवाडा करावयाचा. चित्रांतील एका शब्दावर घाबरून घरांतील वडील माणसाच्या शस्त्रक्रियेचा खर्च अंगावर घेऊं नये. पुष्कळ वेळां विश्रांति आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांनींच काम भागतें. उलट, तरुणाचा गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर दिरंगाई करूं नये. चकतीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो. तेथील फाट वेळींच टांका घातल्यास सांधूं शकते.

मालेच्या खाचरांत राबणाऱ्याला किंवा शहरांतल्या जिन्यावर घसरलेल्याला, दोघांनाहि हवा असतो तो चालतां येणारा गुडघा. चित्र पाहतांना त्या माणसाकडेहि पाहावें, एवढेंच सांगणें आहे.