हीटर गार का पडतो?

गेल्या जानेवारीत एका निकाहसाठी आम्ही मालेगावला निघालो होतो. फजर पढून, अम्मींना शालीत गुंडाळून मागच्या सीटवर बसवले आणि निफाडहून गाडी काढली. निफाडची थंडी सर्वांना ठाऊक आहे. पारा दहा अंशांच्या खाली उतरला की इथल्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. गाडीचा हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, पण हवा जेमतेम कोमट. थोड्या वेळाने अम्मींनी विचारले, "बेटा, एखादी काच उघडी राहिली का?"

लासलगावच्या पुढे समोरच्या काचेवर आतून वाफ धरू लागली. फडक्याने पुसावी तर पुन्हा धरे. तेवढ्यात अगदी पुढ्यात उसाची ट्रॉली दिसली. तिला मागे दिवा नव्हता. ब्रेक वेळेवर लागला, अल्लाहचे शुक्र. आपल्याकडे हीटर म्हणजे चैन, असे आम्ही तोवर समजत होतो. काच स्वच्छ ठेवणे हेही त्याचेच काम आहे, हे त्या पहाटे कळले.

परत आल्यावर रविवारी बोनेट उघडले. जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवतो. हे पेट्रोल, डिझेल आणि सीएनजीच्या गाड्यांविषयी आहे. विजेवरच्या गाड्यांची रचना वेगळी असते.

हीटर स्वतः काही जाळत नाही. इंजिनमधली उष्णता कूलंट घेऊन फिरते. त्याच गरम कूलंटचा एक फाटा डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये जातो. त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर त्यातून हवा फुंकतो आणि ती गरम होऊन आपल्यापर्यंत येते. म्हणून चारच प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने.

पहिला प्रश्न, कूलंट पुरेसे आहे का? इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी अंगावर उसळते. बाटलीतली पातळी खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवी. काही गाड्यांत बाटली भरलेली दिसते, पण रेडिएटर रिकामा असतो. त्यामुळे झाकण असेल तर तेही उघडून पाहावे. कूलंट वारंवार कमी होत असेल तर नुसते भरत राहू नये, गळती शोधावी.

दुसरा, ते तापते का? पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवूनही तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येत नसेल, तर संशय थर्मोस्टॅटवर घ्यावा. हा छोटा व्हॉल्व्ह इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. तो उघडा अडकला किंवा जागेवर नसलाच, तर थंडीत कूलंट नीट तापतच नाही.

तिसरा, ते कोअरपर्यंत पोचते का? इंजिन तापल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून काही मिनिटे चालू द्यावे. मग इंजिन बंद करून चावी काढावी आणि डॅशबोर्डकडे जाणारे दोन रबरी पाइप जपून चाचपावेत. बाही किंवा ओढणी लोंबती नको. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल, तर कोअर तुंबला आहे, त्यात हवा अडकली आहे किंवा वाटेतला व्हॉल्व्ह बंद आहे. बोअरचे पाणी भरत राहिल्यास कोअरमध्ये क्षार साचतात. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच वापरावे.

चौथा, हवा नीट जाते का? दोन्ही पाइप गरम असूनही हवा गार येत असेल, तर दोष आतल्या झडपेचा किंवा तिच्या केबलचा असतो. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर पाहावा. पुष्कळ गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो.

आमच्या गाडीत कूलंट पुरेसे होते, पण काटा खालीच राही आणि दोन्ही पाइप कोमट लागत. थर्मोस्टॅटचे घर उघडले तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! आदल्या उन्हाळ्यात गाडी तापत होती, तेव्हा एका मेकॅनिकने तो काढून टाकला होता. "आता तापणार नाही," असे सांगितले आणि आम्हीही खूश झालो. असा सल्ला अनेकांना मिळतो. त्यात इंजिन थंडच चालते, इंधन जास्त जाते आणि झीजही वाढते.

गाडीच्या मॉडेलप्रमाणे नवा थर्मोस्टॅट आणि गॅस्केट आणले. बसवण्याआधी मुलीने तो एका टाकाऊ भांड्यात, पाण्यात टांगून तापवला. त्यावर ८२ आकडा होता. थर्मामीटर तिथे पोचताच झडप हळूहळू उघडू लागली. आठवीतल्या मुलीला धड्यातले प्रसरण चुलीवर दिसले. मग स्प्रिंगची बाजू इंजिनकडे करून तो बसवला, कूलंट भरले, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू केले आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखली. हीटर छान तापला.

पण गोष्ट इथे संपली नाही. उभ्या गाडीत काटा मधल्या खुणेच्या वर सरकू लागला आणि रेडिएटरचा पंखा काही फिरेना. लगेच इंजिन बंद केले. पंख्याचा रिले खराब झाला होता, इलेक्ट्रिशियनने तो बदलून दिला. उन्हाळ्यातले खरे दुखणे हेच असणार. थर्मोस्टॅट काढल्याने ते बरे झाले नव्हते, फक्त झाकले गेले होते. पुढच्या मे महिन्यात एखाद्या घाटात ते पुन्हा वर आले असते.

काही गोष्टी मात्र घरी करू नयेत. गाडीत गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट थर बसत असेल किंवा पायाखालचा गालिचा ओला होत असेल, तर कोअर गळतो आहे. ते काम गॅरेजचे. कूलंट विषारी असते आणि चवीला गोड लागते. मुले आणि जनावरे यांपासून ते दूर ठेवावे, गटारात ओतू नये. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ऊब घेऊ नये आणि गाडीत शेगडी तर कधीच ठेवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

यंदा हीटर गार लागला तर "आपल्याकडे कुठे एवढी थंडी?" म्हणून सोडून देऊ नका. इंजिनची तक्रार कधी कधी त्याच जाळीतून आधी कळते.