व्हिजिट व्हिसावर दुबईला जाताय? रेसिडन्सीचा क्रम आधी समजून घ्या



"सर, दुबईत धंदा करायचाय. आधी व्हिजिटवर जातो, मग तिथे गेल्यावर बघतो. चालेल का?"

हा प्रश्न मला सारखा येतो. माझं उत्तर एकच असतं. व्हिजिटवर जा, जरूर जा. पण "गेल्यावर बघतो" हे वाक्य इथेच ठेवून जा. कारण तिथे तुमच्या व्हिसाचा एकेक दिवस मोजला जातो, आणि घाईत असलेला माणूस एजंटला लगेच ओळखू येतो.

व्हिडिओत मी थोडक्यात बोललो होतो. इथे जरा सविस्तर बघू.

व्हिजिटवर काय चालतं, काय नाही?

टुरिस्ट व्हिसा साधारण ३० किंवा ६० दिवसांचा असतो. या काळात तुम्ही बाजार फिरू शकता, व्यापाऱ्यांना भेटू शकता, प्रदर्शन बघू शकता. बर दुबई, मीना बाजार, देरा इथली दुकानं बघा. कोणता माल कुठून येतो, काय भावाने विकला जातो, पाकिटावर काय छापलंय, हे वहीत लिहा. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर वर्षाच्या सुरुवातीला भरणारं गल्फफूड प्रदर्शन गाठा.

पण काम करायचं नाही. ओळखीच्या दुकानात "चार दिवस मदत" म्हणून गल्ल्यावर बसणंसुद्धा नाही. परवानगीशिवाय कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर १ लाख ते १० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. काम करणाऱ्यालाही दंड होऊ शकतो, देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. मुदत संपल्यावर थांबलात तर दिवसाला ५० दिरहम वेगळे.

रेसिडन्सीला आधार लागतो

हा मुद्दा नीट लक्षात घ्या. तिथे नुसतं राहून कुणी रहिवासी होत नाही. रेसिडन्सी कशाच्या तरी आधारावर मिळते: नोकरी, कुटुंबातला स्पॉन्सर, स्वतःची कंपनी, मालमत्ता किंवा विशेष पात्रता.

नोकरीच्या वाटेने जाणाऱ्यांनी एक गोष्ट तपासा. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असू शकतं. अशा माणसाला यूएईत नोकरीसाठी जाताना भारत सरकारच्या ई-मायग्रेटमधून मंजुरी लागते. "टुरिस्टवर जा, तिथे बदलून देतो" असं सांगणारा एजंट नेमकं हेच संरक्षण काढून घेतो.

गोल्डन व्हिसा १० वर्षांचा असतो. मालमत्तेवर तो हवा असेल तर किमान २० लाख दिरहमची मालमत्ता लागते. जुलै २०२५ मध्ये "१ लाख दिरहममध्ये आयुष्यभराचा गोल्डन व्हिसा" अशी बातमी भारतात फिरली. यूएईच्या सरकारी यंत्रणेला तिचा जाहीर इन्कार करावा लागला. तोपर्यंत किती जणांनी हिशेब मांडायला घेतला असेल, विचार करा.

आपल्यासारख्या छोट्या उद्योजकाला परवडणारा आधार म्हणजे स्वतःच्या कंपनीचं लायसन्स. म्हणजे धंदा पुढे, व्हिसा मागे.

फ्री झोन की मेनलँड?

समजा, तुमचा कांदा-लसूण मसाल्याचा गृहउद्योग आहे. दुबईत दुकान टाकून गिऱ्हाइकाला पाकीट विकायचंय? मग मेनलँडचं लायसन्स, भाडेकरार, त्याची 'इजारी' नोंदणी, पालिकेची खाद्यपरवानगी, हे सगळं आलं. जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांत परदेशी माणसाला मेनलँडवरही १०० टक्के मालकी मिळते, त्यामुळे स्थानिक भागीदाराची जुनी अट तिथे आता आड येत नाही.

इथून माल मागवून पुढे इतर देशांत पाठवायचाय, किंवा कन्सल्टन्सी करायचीय? तिथे फ्री झोन सोयीचा पडतो. पण फ्री झोनच्या कंपनीला दुबईच्या बाजारात थेट विकायला साधारणपणे वेगळी परवानगी किंवा स्थानिक वितरक लागतो. स्वस्त मिळालं म्हणून फ्री झोन घेतला आणि धंदा होता दुकानाचा, तर लायसन्स हातात आणि माल गोडाऊनमध्ये!

आणि तिसरा पर्यायही आहे, बरं का. आयईसी नंबर काढा, स्पाइसेस बोर्डाची नोंदणी करा आणि इथूनच तिथल्या वितरकाला माल पाठवा. त्यासाठी रेसिडन्सी लागतच नाही. आधी चार खेपा पाठवून बघा. माल पुन्हा मागवला गेला, तर तिथे बसायचा विचार करा.

कागदांचा क्रम

१. कंपनीचं लायसन्स.
२. एस्टॅब्लिशमेंट कार्ड. यावरच कंपनीला व्हिसा काढता येतो.
३. तुमच्या नावाचं एंट्री परमिट.
४. स्टेटस चेंज. तुम्ही व्हिजिटवर तिथेच असाल तर जादा फी भरून देशात राहूनच हे होतं. नाहीतर बाहेर पडून एंट्री परमिटवर परत यायचं. पूर्वी यासाठी लोक इराणच्या किश बेटावर जाऊन ताटकळायचे.
५. मेडिकल. रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे.
६. एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे, सोबत आरोग्य विमा.
७. रेसिडन्सी मंजूर. २०२२ पासून पासपोर्टवर स्टिकर लागत नाही, एमिरेट्स आयडी हाच पुरावा.

कंपनीचं बँक खातं याच्याही नंतर. बँक धंद्याचे पुरावे मागते: बिलं, करार, पैसा कुठून आला. म्हणून इथली जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट नीट ठेवा.

एजंटला हे विचारा, आणि उत्तर लेखी घ्या

- या पॅकेजमध्ये व्हिसा किती? जाहिरातीतलं सगळ्यात स्वस्त लायसन्स बऱ्याचदा 'झिरो व्हिसा' असतं.
- एस्टॅब्लिशमेंट कार्ड, स्टेटस चेंज, मेडिकल, आयडी आणि विमा धरून एकूण किती?
- दुसऱ्या वर्षी रिन्यूअलला किती? पहिल्या वर्षीची सूट दुसऱ्या वर्षी नसते.
- लायसन्सवर माझ्याच धंद्याची ॲक्टिव्हिटी लिहिली जाईल ना?
- सरकारी फीची पावती माझ्या नावाने मिळेल का?

शेवटच्या प्रश्नावर जो गडबडतो, त्याला तिथेच नमस्कार करा.

भारतातली बाजू विसरू नका

परदेशातल्या स्वतःच्या कंपनीत पैसे घालणं म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या भाषेत ओडीआय. २०२२ चे नियम त्याला लागू आहेत. पैसे पाठवण्याआधी आपल्या बँकेतून फॉर्म एफसी भरून नंबर घ्यावा लागतो. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीची मर्यादा २.५ लाख डॉलर. "इथे रोख द्या, तिथे भरतो" म्हणणाऱ्याला पैसे दिलेत, तर धंदा उघडण्याआधीच फेमाच्या कचाट्यात सापडाल. तुम्ही एनआरआय झालात की साधं बचत खातं एनआरओ करावं लागतं. हे सगळं निघण्याआधी सीएबरोबर बसून ठरवा.

मिळालेली रेसिडन्सी टिकवायची कशी?

कंपनीवरची रेसिडन्सी साधारण २ वर्षांची असते, लायसन्स मात्र बऱ्याचदा दरवर्षी रिन्यू करायचं. लायसन्स बंद पडलं की व्हिसाचा आधार गेला. साध्या रेसिडन्सीवर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर ती जाऊ शकते. कॉर्पोरेट टॅक्सही आहे: ३.७५ लाख दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के. नफा कमी असला तरी कंपनीची नोंदणी करावीच लागते. म्हणजे वर्षाचा ठरलेला खर्च धंद्यातून निघाला पाहिजे. तो घरच्या एफडीतून जात असेल, तर तुम्ही धंदा करत नाही, व्हिसा पोसताय.

आजचा होमवर्क

एका कागदावर तीन ओळी लिहा. दुबईत मी काय विकणार? पहिले पाच गिऱ्हाईक कोण? गिऱ्हाईक आलं नाही तर दोन वर्षांचा लायसन्स-व्हिसाचा खर्च कुठून भरणार? तिन्हींची उत्तरं आली तर लायसन्सचं कोटेशन मागवा. दुसरी ओळ कोरी राहिली तर व्हिजिटवर जा, बाजार फिरा, ती ओळ भरून परत या. आणि परतीचं तिकीट आधीच काढा.

कोटेशन आलं असेल आणि त्यात काही कळत नसेल, तर एजंटचं नाव झाकून प्रश्न विचारा. पुढच्या व्हिडिओत घेऊ. भेटूया!