ऊसतोड कामगार

दसरा झाला की हिमायतनगर, किनवट, मुखेड या भागांतील कितीतरी तांडे आणि वाड्या ओस पडू लागतात. भांडी, गोधड्या, कोंबड्या ट्रॅक्टरवर चढतात. घरी म्हातारी माणसे तेवढी राहतात. बाकीची मंडळी ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये.

कोरडवाहू शेतात खरिपानंतर काम उरत नाही. म्हणून मुकादमाकडून आधीच पैसे घेतले जातात. मुकादम हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. या पैशांना 'उचल' म्हणतात, उर्दूत पेशगी. उचल मिळते ती नवरा-बायकोच्या जोडीला. या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव पडले, ते असे!

तोडलेला ऊस वाळला की त्याचे वजन घटते, साखरही कमी होते. त्यामुळे तो लवकर कारखान्यात पोहोचवावा लागतो. म्हणून पहाटेच्या थंडीतच फडात कोयते चालू लागतात. पुरुष ऊस तोडतो, बाई मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. गाडी रात्री आली तर रात्री उठून भरायची. मजुरी टनावर मिळते. जानेवारी २०२४ मध्ये तिच्यात ३४ टक्के वाढ ठरली. पण आजारपणामुळे 'खाडा' झाला, तर दंड बसतो. उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा जावेच लागते.

असे स्थलांतर इतर देशांतही होत असे. आयर्लंडमधील गरीब मुले-मुली दरवर्षी बटाटे काढायला स्कॉटलंडला जात. त्यांना गोठ्यांत, झोपड्यांत झोपावे लागे. सप्टेंबर १९३७ मध्ये कर्किन्टिलोक येथे अशाच एका झोपडीला आग लागून अचिल बेटावरील दहा तरुण मुले मरण पावली. आपले कामगारही पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोपीत राहतात.

कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळायला कोण असते? बहुतेक वेळा आठ-दहा वर्षांची बहीण. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि दिवाळीच्या सुमारास तिचे नाव हजेरीत लाल शाईने दिसू लागते. अशा मुलांसाठी काही गावांत हंगामी वसतिगृहे चालतात; तेथे ती आजी-आजोबांजवळ गावातच राहून शिकतात. जी मुले आईवडिलांबरोबर जातात, त्यांना शाळेतून 'शिक्षण हमी पत्रक' मिळते. ते दाखवले की कारखान्याजवळच्या शाळेत त्याच इयत्तेत बसता येते. मात्र फड संपला की कोपी दुसऱ्या गावी हलते, आणि मग तिथली शाळा पुन्हा शोधावी लागते.