पोहरादेवीचे आरसे आणि सोळा कोअर

वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला रामनवमीची यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन घ्यायला ठिकठिकाणचे बंजारा तांडे येतात. या गर्दीचं शूटिंग एन्कोड करायला लावलं की कॉम्प्युटरची खरी परीक्षा होते. बंजारा बायांच्या पोशाखातल्या फेटिया आणि कांचळीवर जडवलेला प्रत्येक आरसा पावलागणिक वेगळा चमकतो. मागच्या फ्रेममधलं चित्र जरासं सरकून पुढच्या फ्रेममध्ये आलं आहे, हे ओळखण्यावर एन्कोडरची सगळी भिस्त असते. ही चमक मागच्या फ्रेममध्ये नसतेच.

फुल एचडीची एक कच्ची फ्रेम सुमारे ३ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तासाभरात ९०,००० फ्रेम, म्हणजे जवळपास २८० जीबी. हे सगळं दोन-चार जीबीत बसवायचं असतं. मशीनमध्ये सोळा कोअर आहेत, मग काम सोळा वाटे करून संपवावं, असं कुणालाही वाटेल. पण रात्री एक्सपोर्ट लावून टास्क मॅनेजर उघडला तर पुष्कळदा निम्मे कोअर नुसते बसलेले दिसतात.

अडचण कॉम्प्रेशनच्या मुळातच आहे. फाइल लहान होते ती फ्रेमच्या प्रत्येक छोट्या चौकोनाने शेजाऱ्याच्या आधारे आपला अंदाज बांधल्यामुळे. डावीकडचा चौकोन, वरचा, वर-उजवीकडचा, शिवाय मागची फ्रेम. ज्याच्यावर विसंबायचं त्याचं काम आधी संपायला हवं. फाइल जितकी लहान हवी तितकं हे विसंबणं वाढतं, आणि कोअरना वाटून द्यायला मोकळं काम तितकंच कमी उरतं.

अनेक साध्या प्रोसेसरना काम वाटून देण्याचा विचार वऱ्हाडाला परका नाही. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी १९४६ साली जन्मलेल्या डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा सुपरकॉम्प्युटर उभा केला, तो याच वाटेने. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर नाकारल्यावर त्यांनी ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिपा एकत्र जोडल्या. अशा यंत्रात चिपा जोडून भागत नाही, कामाचे एकमेकांवाचून अडणार नाहीत असे तुकडे पाडावे लागतात. त्या काळी प्रयोगशाळेत सोडवला जाणारा हा प्रश्न आज मंगरूळपीरच्या एखाद्या फोटो स्टुडिओतल्या मशीनमध्येही रोज सुटत असतो.

पहिला उपाय सरळ होता. फ्रेम आडवी कापायची आणि प्रत्येक पट्टा एकेका कोअरला द्यायचा. पण पट्ट्याच्या सीमेपलीकडे बघता येत नाही, अंदाज चुकतात आणि फाइल फुगते. एक्स२६४ या एन्कोडरने २००६ च्या अखेरीस ही पद्धत मागे टाकली आणि फ्रेमच एकामागून एक सुरू करायला घेतल्या. आधीच्या फ्रेमचा वरचा भाग तयार झाला की पुढच्या फ्रेमचा वरचा भाग सुरू. अट एवढीच, की पुढच्या फ्रेमने मागच्या फ्रेममध्ये फार खालपर्यंत शोध घ्यायचा नाही.

२०१३ च्या एचईव्हीसी या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या मानकातली युक्ती मला सगळ्यांत सुंदर वाटते. सोयाबीनच्या सोंगणीला बाया आपापली पात धरतात आणि एकीच्या मागे दुसरी अशी तिरपी रांग शेतातून पुढे सरकते, तशी ही चालते. वरच्या ओळीचे दोन चौकोन झाले की खालची ओळ सुरू होते आणि शेवटपर्यंत दोन चौकोन मागेच राहते. त्यामुळे वरचा आणि वर-उजवीकडचा शेजारी दोन्ही नेहमी तयार मिळतात. विसंबणं जवळजवळ सगळं शाबूत राहतं आणि तरीही अनेक कोअर एकदम राबतात!

आकडे मांडून बघू. ६४ पिक्सेलच्या चौकोनांत फुल एचडी फ्रेमच्या १७ ओळी आणि ३० रकाने होतात, म्हणजे ५१० चौकोन. प्रत्येकाला सारखाच वेळ लागतो असं धरलं, तर शेवटची ओळ ३२ पावलांनंतर सुरू होते आणि सगळं काम ६२ पावलांत आटोपतं. वेग आठपटीने वाढला. एका क्षणी जास्तीत जास्त १५ कोअर कामात असतात. सुरुवातीला आणि शेवटी मात्र थोडेच. फोर-केमध्ये २,०४० चौकोन १२६ पावलांत होतात, म्हणजे सोळापट वेग. चित्र जेवढं मोठं तेवढी रांग लांब.

प्रत्यक्षात पावलं सारखी नसतात. निरभ्र आकाशाचा चौकोन चटकन सुटतो, आरशांचा अडून बसतो आणि खालच्या ओळींनाही थांबवतो. शिवाय कुठल्या फ्रेमला किती बिट द्यायचे, यासारखे काही निर्णय क्रमानेच घ्यावे लागतात. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेला हिशेब इथे आडवा येतो. दहा टक्के काम वाटता येत नसेल, तर आठ कोअरवर वेग पाचपटही होत नाही.

म्हणून मोठे व्हिडिओ हाताळणारे आणखी एक करतात. कीफ्रेम मागच्या कशावरच विसंबत नाही, तेव्हा तिथे व्हिडिओ तोडून तुकडे वेगवेगळ्या मशीनवर धाडायचे आणि शेवटी जोडायचे. घरच्या मशीनवर याचं साधं रूप लगेच करून बघता येतं. यात्रेच्या दोन वेगळ्या फाइल असतील आणि रॅम पुरेशी असेल, तर दोन्ही एक्सपोर्ट एकदम लावा. एका फाइलचे कोअर जिथे वाट बघत थांबतात, तिथे दुसरीचं काम शिरतं आणि दोन्ही मिळून एकामागून एक लावण्यापेक्षा बहुतेक वेळा लवकर संपतात.