तालशिक्षण: बिनखर्चाचे, तरीही दुर्लक्षित

प्राथमिक शाळेत संगीत शिकवावे काय, असा प्रश्न निघाला की चर्चा प्रथम खर्चाकडे वळते. पेटी कोण घेणार, तबलाजोडी कोठून येणार, संगीतशिक्षकाचे वेतन कोणी द्यावयाचे? या शंका निराधार नाहीत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती सहावी ते आठवीच्या वर्गांपुरती, आणि तेथेही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. त्याखालच्या वर्गांतील मुलांना जे काही संगीत मिळावयाचे, ते बहुतेक ठिकाणी वर्गशिक्षकाकडूनच मिळणार. तेव्हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडला पाहिजे. संगीतातील कोणता भाग सामान्य वर्गशिक्षक वाद्यावाचून शिकवू शकेल? त्याचे उत्तर ताल हे आहे.

सुराच्या शिक्षणाला तयार कानाचा गुरू लागतो. लय मात्र चालण्यात, झोका घेण्यात, पाढे म्हणण्यात मुलाच्या अंगी आधीच असते. जिनिव्हाच्या संगीत विद्यालयात शिकविणारे एमिल झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांना असे आढळले, की विद्यार्थ्यांची बोटे वाद्यावर सफाईने फिरतात. पण लय त्यांच्या अंगात मुरलेली नसते. म्हणून त्यांनी चालणे, थांबणे, हात हलविणे यांतून लय शिकविण्याची पद्धती सिद्ध केली. आपल्याकडे तर हातावर ताल धरण्याची रीत पूर्वापार चालत आलेली आहे. फुगडी, झिम्मा, लेझीम आणि भजनातील टाळ हे तिचेच लोकविद्यापीठ होय.

शाळेत मात्र हा क्रम अनेकदा उलटा होतो. मात्रा, सम, विभाग यांच्या व्याख्या फळ्यावर येतात, मुले त्या उतरवून घेतात आणि टाळी वाजविण्याआधीच तास संपतो. वस्तुतः प्रारंभ पावलांपासून व्हावा. सर्वांनी एका गतीने चालावे, मग त्याच गतीने टाळ्या द्याव्यात, नंतर ‘धा धी ना, धा ती ना’ हे दादऱ्याचे बोल म्हणावेत. सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन विभाग. पहिल्या मात्रेवर टाळी, चौथीवर खाली. हे हाताला कळले, म्हणजे व्याख्या दोन मिनिटांत समजते. पुढे आठ मात्रांचा केरवा घेता येतो. सोळा मात्रांच्या त्रितालाची घाई करण्याचे कारण नाही.

खरा कस लागतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण खालीचे. तेथे हात बाजूला जातो, आवाज होत नाही. पण मोजणी आत चालूच राहते. चाळीस मुलांच्या वर्गाने तो एक क्षण मिळून शांत ठेवणे, ही कोणत्याही दटावणीपेक्षा सरस शिस्त आहे. दुसरे ठिकाण लयीचे. टाळ्यांचा जोर वाढला की मुलांची लय चढते. जोर वाढवावा पण गती तीच राखावी, हा अभ्यास रोज थोडा थोडाच करावा लागतो.

तालाने गणित सुधारते, असा युक्तिवाद काही जण करतात. त्या आधाराची गरज नाही. इतरांचे ऐकत ऐकत आपला वाटा नेमक्या क्षणी उचलणे, हे शिक्षण स्वतःच पुरेसे मोलाचे आहे.

शिवाय येथे न्यायाचाही प्रश्न आहे. सुखवस्तू घरातील मूल शुल्क भरून तबल्याच्या वर्गाला जाते. ज्याच्या घरी ते शुल्क परवडत नाही, त्याला शास्त्रशुद्ध संगीताचे दार उघडू शकेल अशी जागा बहुधा शाळा हीच. ते दार उघडण्यास येथे निधी नको, वाद्य नको. रोजची दहा मिनिटे आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात तालाचा थोडा प्रत्यक्ष सराव एवढेच हवे. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे ज्या शिक्षकांवर सोपविली जातात, त्यांना ही दहा मिनिटे मोकळेपणाने मिळावीत, हे पाहणे शासनाचे काम आहे. अन्यथा कलेची श्रेणी प्रगतिपुस्तकात भरली जाईल आणि मुलांचे हात मात्र घडी घातलेलेच राहतील.