प्राणी तेच, यजमान नवे

शिंगांच्या जागी फांद्या फुटलेलं हरीण, अंगभर ठिपक्यांची नक्षी ल्यालेला वाघ, पोटातल्या माशासकट दिसणारा पक्षी. गोंड चित्रांतले हे प्राणी आता सगळ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. हस्तकला मेळ्यांत ते टांगलेले असतात, साड्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, कॉफीच्या मगांवरही असतात. ओळख इतकी मुरली आहे, की ही कला हजारो वर्षं जशीच्या तशी चालत आली असावी, असं वाटू लागतं. पण कागदावर आणि कॅनव्हासवर उतरलेल्या या चित्रांचं वय चार दशकांहून थोडंसंच अधिक आहे. ती सुरू करणाऱ्या माणसाचं नाव आणि गाव ठाऊक आहे. कोणी विकत घेतली, त्यातून काय मिळालं आणि काय गमावलं, याचा माग बराचसा काढता येतो.

ते गाव म्हणजे पाटनगढ. मध्य प्रदेशात, अमरकंटकच्या बाजूला. पूर्वी मंडला जिल्ह्यात होतं, 1998 पासून दिंडोरीत आहे. वस्ती मुख्यतः परधान गोंडांची. परधान म्हणजे गोंडांचे भाट. आपल्या विदर्भातही, यवतमाळ-चंद्रपूर भागात, परधान आहेत. त्यांचा पिढीजात धंदा गाण्याचा. ठरावीक वर्षांनी परधान आपल्या गोंड यजमानाच्या दारी जायचा, बाना नावाचं तंतुवाद्य वाजवून बडादेवाला जागवायचा आणि यजमानाच्या कुळाची, गोंड राजांची, देवांची कथा गायचा. बडादेवाचा वास साजाच्या झाडात, म्हणजे आपल्या ऐनात. बदल्यात धान्य, कापड, कधी गुरं मिळत. यजमानाच्या सात पिढ्या परधानाला पाठ, आणि आपला परधान कोण हे यजमानाला ठाऊक.

या समाजावरचं पहिलं मोठं पुस्तक एका मराठी माणसानं लिहिलं आहे. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्याबरोबर या भागात आलेले शामराव हिवाळे 1940च्या दशकात पाटनगढला राहिले. वरच्या नर्मदा खोऱ्यातल्या परधानांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1946 साली प्रसिद्ध झाला. गाऊन जगणाऱ्या माणसांचं ते पुस्तक आहे. पण तोवर गाण्यावर पोट भरणं अवघड होऊ लागलं होतं. गोंड यजमानांच्याच जमिनी गेल्या होत्या, जंगल सरकारी झालं होतं. देणाऱ्याचाच हात आखडला, तेव्हा गाणारा मजुरीला लागला.

म्हणून ‘आदिवासी कला बाजारात गेली आणि बाटली’ हे नेहमीचं वाक्य परधानांच्या बाबतीत मला पटत नाही. कला देऊन मोबदला घेणं त्यांना नवं नव्हतं, तो त्यांचा धर्मच होता. गेल्या चार दशकांत बदलला तो यजमान.

हा बदल सुरू झाला 1981 साली. भोपाळला भारत भवन उभं राहत होतं आणि त्यातल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होती. आदिवासींची चित्रं म्हणजे भूतकाळाचे अवशेष, असं ते मानत नसत. ही माणसं आज जगतात, आज चित्रं काढतात, म्हणजे तीही आजचीच कला, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तरुण कलावंतांच्या तुकड्या खेडोपाडी धाडल्या. त्यांतल्या एका तुकडीला पाटनगढमध्ये एका घराच्या भिंतीवरचं काम दिसलं. ते काढणारा जनगढसिंह श्याम तेव्हा विशीच्या आसपास होता. घरची गरिबी, गुरं राखणं, मिळेल ती मजुरी. त्याला भोपाळला आणलं गेलं. फेब्रुवारी 1982 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते भारत भवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा जनगढची चित्रं तिथे लागली होती.

भिंतीवरून कागदावर येताना नेमकं काय झालं, हे जरा जवळून पाहायला हवं. परधान बाया घर सारवून जमिनीवर आणि भिंतींवर ढिगना काढतात. ढिगना म्हणजे रेघांची, कोनांची भौमितिक नक्षी. रंग मोजके: पांढरी छुई माती, पिवळी माती, गेरू, कोळसा. नव्या सणाला जुनी नक्षी नव्या सारवणाखाली जाते. जनगढच्या हाती एकदम पोस्टर कलर आले. ते झळझळीत रंग पहिल्यांदा बोटांना लागले तेव्हा अंगावर शहारा आला होता, असं तो पुढे सांगत असे. आकृती भरून झाली, की तो तिच्या अंगावर ठिपके, बारीक तिरप्या रेघा, फणीच्या दातांसारखे पट्टे ओढायचा. यातलं बरंचसं गोंदणातून आलेलं. त्या भरणीमुळे स्थिर उभं असलेलं जनावरही अंग शहारून हलतंय असा भास होतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. परधानांच्या देवांना चेहरे नव्हते. ते गाण्यात होते, झाडात होते, चौथऱ्यावर होते. जनगढनं त्यांना पहिल्यांदा रूप दिलं आणि त्या देवांच्या अवतीभवती वाघ, साप, खेकडे, मोर जमा केले. कंठातली गाणी त्यानं डोळ्यांपुढे आणली. शिवाय कागदाची गुंडाळी करून कुठेही नेता येते. भिंत विकता येत नाही, कागद येतो.

पुढची काही वर्षं भराभर गेली. भारत भवनातच जनगढला काम मिळालं. 1986 मध्ये मध्य प्रदेश शासनाचा शिखर सन्मान, 1989 मध्ये पॅरिसच्या ‘माजिसियँ द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात सहभाग. चार्ल्स कोरिया यांनी भोपाळचं नवं विधान भवन बांधलं, त्याच्या भिंतीही त्यानं रंगवल्या. 1998 मध्ये ज्योतींद्र जैन यांनी दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये पाच लोक-आदिवासी कलावंतांना एकत्र आणलं. त्यात जनगढ होता, आणि आपले वारली चित्रकार जिव्या सोमा मशेही होते. ‘अज्ञात आदिवासी कारागीर’ या घाऊक ओळखीतून पाच माणसांची नावं वर आली, हे त्या प्रदर्शनाचं खरं काम.

दरम्यान भोपाळमधलं जनगढचं घर भरत चाललं होतं. पत्नी ननकुशिया, भाचे-पुतणे, मेहुणे, गावाकडून येणारी पोरं. आलेल्याला आधी भरणीचं काम मिळे: रेषा उस्तादाची, ठिपके शिकाऊचे. हात बसला की जनगढ सांगायचा, आता स्वतःची नक्षी शोध. त्यामुळे या घराण्यात प्रत्येकाची भरण वेगळी आणि जाणकाराला सही न पाहता चित्रकार ओळखता येतो. भज्जू श्याम, व्यंकटरमण सिंह श्याम, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम, रामसिंह उर्वेती ही नावं याच वर्तुळातली. या शैलीला आता ‘जनगढ कलम’ म्हणतात, ते रास्तच आहे.

जुलै 2001 मध्ये हे सगळं थांबेल असं वाटलं होतं. जपानमधल्या निगाता प्रांतातल्या एका संग्रहालयासाठी चित्रं काढायला जनगढ गेला होता. तिथला मुक्काम लांबला. घरी परत यायचंय, अशी त्याची पत्रं येत होती. तिथेच त्यानं आयुष्य संपवलं. वय चाळिशीच्या आतलं. भारतात लेखक-चित्रकारांनी आवाज उठवला, चौकशीची मागणी केली. परक्या मुलखात, भाषेवाचून, ठरलेली चित्रं पुरी करत बसलेल्या माणसाची काळजी कोणी वाहायची, हा प्रश्न त्या मृत्यूनं कलाजगतापुढे टाकला. त्याचं पुरेसं उत्तर अजून मिळालेलं नाही.

नऊ वर्षांनी, 2010 मध्ये, न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात जनगढचं 1988 सालचं एक कोळ्याचं चित्र 31,250 डॉलरना गेलं. तो कोळी शोभेचा नाही. गोंडांच्या सृष्टिकथेत आधी चहूकडे पाणी असतं. बडादेवाला माती हवी असते. तो कावळ्याला धाडतो, कावळा खेकड्याला गाठतो, आणि कळतं की सगळी माती गांडुळानं गिळून पाताळात नेली आहे. ती गांडुळाकडून परत मिळते, पण पाण्यावर पसरायची कशी? मग कोळी पाण्यावर जाळं विणतो आणि त्यावर माती अंथरली जाते. आपण उभे आहोत ती जमीन कोळ्याच्या जाळ्यावर तोललेली आहे. लिलावात बोली लावणाऱ्यांना यातलं किती ठाऊक होतं, कोण जाणे.

त्या गांडुळाला मात्र नशिबानं चांगला कथाकार मिळाला. जनगढचा पुतण्या भज्जू भोपाळमध्ये रात्रपाळीचा पहारेकरी होता, विजेची कामं करायचा. काकानं त्याला चित्राकडे वळवलं. लंडनमधल्या एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायचं काम त्याला मिळालं आणि दोनेक महिने तो तिथे राहिला. परतल्यावर चेन्नईच्या ‘तारा बुक्स’नं त्याला विचारलं, काय काय पाहिलंस? त्याच्या उत्तराचं 2004 साली पुस्तक झालं, ‘द लंडन जंगल बुक’. भुयारी रेल्वे त्याला गांडूळ दिसली: जमिनीखालचं राज्य त्याचंच ना! बिग बेनचं घड्याळ आणि वेळ सांगणारा कोंबडा एका देहात आले. नेमानं येणारी, वाट न चुकणारी तीस नंबरची बस इमानी कुत्रा झाली. संध्याकाळ झाली की पबकडे झेपावणारे इंग्रज वटवाघळं झाले. भज्जूचे आजोबा कधीकाळी एल्विनच्या घरी नोकर होते. साहेबानं गोंडांकडे पाहून लिहिलं, नातवानं साहेबाच्या गावाकडे पाहून चित्रं काढली. फेड चोख झाली.

याच प्रकाशनानं 2006 मध्ये भज्जू, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती यांचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ काढलं. काळ्या हातकागदावर एकेक रंग हातानं छापलेलं. 2008 मध्ये त्याला बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यातला पुरस्कार मिळाला. मूळ चित्र एकालाच मिळतं, पुस्तक हजारोंना. शिवाय इथे चित्राशेजारी त्याची गोष्टही छापलेली होती. परधानाला पुन्हा ऐकणारे मिळाले.

मराठी वाचकाला सगळ्यात जवळचं पुस्तक 2011 मधलं ‘भीमायन’, बाबासाहेब आंबेडकरांची चित्रकथा. प्रकाशक ‘नवयान’, शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची. चित्रकथा म्हटलं की चौकटी आल्या. व्याम दांपत्यानं चौकटी नाकारल्या. माणसांना डब्यात कोंडलं तर त्यांना श्वास कसा घेता येईल, अशी त्यांची भूमिका. त्याऐवजी ढिगन्याचे पट्टे पानभर वळत जातात. मसूर स्थानकावर ताटकळलेला लहानगा भीम, महाडचं पाणी, परदेशी शिकून आला तरी बडोद्यात छप्पर नाकारलं गेलेला तरुण हे प्रसंग आपण शाळेपासून ऐकलेले. पण इथे मायाळू बोलणं पक्ष्याच्या आकारात येतं आणि जातीचा डंख असलेल्या शब्दांना विंचवाची नांगी असते. चवदार तळ्याच्या सभेत कर्ण्यांतून पाण्याच्या धारा सुटतात. बाबासाहेबांच्या चरित्राची चित्रं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. तरी प्राण्यांच्या भाषेत ती गोष्ट सांगावी हे परधानांनाच सुचलं.

सन्मान पुढे येतच गेले. भज्जूंना 2018 मध्ये पद्मश्री, दुर्गाबाईंना 2022 मध्ये. 2023 मध्ये मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला भौगोलिक मानांकन. जनगढची मुलं, मयंक आणि जपानी, दोघंही चित्रकार. बाप जपानला असताना जन्मली म्हणून ती जपानी. रंगांच्या या घराण्यात तिनं काळ्या-पांढऱ्याची वाट धरली आहे. पाटनगढमध्ये आता घरोघरी चित्रं काढतात. फोटो मोबाइलवरून गिऱ्हाइकाकडे जातो, गुंडाळी कुरिअरनं. मजुरीपेक्षा हे केव्हाही बरं.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडायला हवी. मागणी वाघ, मोर, हरीण आणि झाडाला. खेकड्याला आणि गांडुळाला गिऱ्हाईक नाही, मग ते कमी काढले जातात. एखाद्यानं वर्षानुवर्षं घोटलेली नक्षी दुसऱ्याच दिवशी कुठल्यातरी कापडावर छापलेली दिसते, खाली नाव नाही. भौगोलिक मानांकनानं प्रदेशाच्या नावाला संरक्षण मिळतं, एखाद्या हाताच्या ठिपक्यांना नाही. बाना वाजवणारे विरळ होत चालले आहेत. चित्र काढणाऱ्या पोराला कथा आजोबांकडून मिळाली असेल तर ठीक, नाहीतर त्याचा वाघ दुसऱ्याच्या वाघावरून काढलेला असतो.

चार दशकं एका ओळीत ठेवली की एक गोष्ट दिसते. जिथे नव्या यजमानानं विचारपूस केली, तिथे ही कला पुढे सरकली. स्वामिनाथन यांनी ‘कोणी काढलं?’ विचारलं, म्हणून जनगढ मिळाला. ‘काय पाहिलंस?’ विचारलं गेलं, म्हणून लंडनचं गांडूळ मिळालं. ‘तुमच्या पद्धतीनं कसं सांगाल?’ विचारलं, म्हणून भीमायन झालं. नुसती नगांची मागणी आली, तिथे नक्षी उरली आणि गोष्ट गळाली. जपानमधल्या त्या मुक्कामात तर माणूसच गेला.

तेव्हा मेळ्यात अशा चित्रापाशी थांबलात, तर खालचं नाव वाचावं. चित्रकार समोर बसला असेल तर त्या प्राण्याची गोष्ट विचारावी आणि भाव करण्याआधी ती पुरती ऐकून घ्यावी. परधानाला पूर्वीपासून मोबदला मिळत आला आहे तो त्या गोष्टीचाच.